घरी आजारपण आणि जोडीदाराची नोकरी: सलग सुट्टी, तुटक सुट्टी, घरून काम की पगारी माणूस?

ज्यांना या आठवड्यातच ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. घरातलं कोणीतरी हॉस्पिटलमधून दोन-चार दिवसांत घरी येणार आहे, बघणार तुम्ही आहात, आणि जोडीदाराची नोकरी अशी आहे की फोन केला आणि आला असं होत नाही. आमच्याकडे सासूबाईंना स्ट्रोक झाला तेव्हा नवऱ्याचं काम फिरतीचं होतं, महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेर, मी घरून अर्धवेळ काम करायचे आणि सगळ्यांनी धरूनच चाललं की ही तर घरी आहेच. पुढच्या दोन वर्षांत आम्ही वरचे चारही प्रकार केले, काही चुकीच्या वेळी केले, त्यामुळे कोणता कधी उपयोगी पडतो हे आता बऱ्यापैकी कळलंय.

आधी एक गोष्ट. "सुट्टी किती शिल्लक आहे" इथून सुरुवात करू नका, आजाराची चाल काय आहे तिथून करा, कारण तेच पंधरा दिवस एका आजारात पुरतात आणि दुसऱ्यात कुठे गेले ते कळतही नाही. एक चाल असते अचानक कोसळून मग हळूहळू सावरण्याची, म्हणजे स्ट्रोक, हाड मोडणं, मोठं ऑपरेशन. दुसरी चक्राची, म्हणजे केमो किंवा डायलिसिस, ज्यात वाईट दिवस कोणते हे बरंचसं आधी माहीत असतं. तिसरी उताराची, स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन्ससारखी, जिथे शेवटची तारीख नसते आणि म्हणून सुट्टी हे उत्तरच नसतं. लहान मुलांचं आजारपण वेगळं, ते बहुतेक वेळा काही दिवसांचं असतं, कांजिण्या झाल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी, तिथे दोघांनी दिवस वाटून घेतले की भागतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता सलग सुट्टी विरुद्ध तुटक सुट्टी, कारण बहुतेक घरं इथेच अडतात.

सलग सुट्टी घ्यावीशी वाटते, मन तेच मागतं, आईला बरं नाही आणि मी कामावर कसा जाऊ. माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवसापासून पंधरा दिवस घेतले. त्यातले नऊ हॉस्पिटलमध्ये गेले जिथे नर्स होत्या, औषधं त्याच देत होत्या, कूस त्याच बदलत होत्या आणि आम्ही दोघं बाहेरच्या खुर्च्यांवर बसून होतो. घरी आल्यावर जेमतेम सहा दिवस मिळाले आणि तेही सामान आणणं, पलंग हलवणं, भेटायला येणाऱ्यांशी बोलणं यात संपले. सोळाव्या दिवशी तो टूरवर गेला आणि खरं आजारपण तेव्हा सुरू झालं, कारण औषधांची यादी बदललेली होती, कोणतं जुनं बंद आणि कोणतं नवं चालू हे मला एकटीला जुळवायचं होतं, आणि पलंगावरून खुर्चीत बसवायला सुरुवातीला दोन माणसं लागतात हे कोणी नीट सांगितलंच नव्हतं. मी दुबळ्या बाजूच्या हाताला धरून ओढायचे, ते अजिबात करायचं नसतं, खांद्याला इजा होते, हे फिजिओथेरपिस्टने दहा दिवसांनी पाहिलं तेव्हा कळलं. त्या दहा दिवसांचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सलग सुट्टी घ्यायची असेल तर डिस्चार्जच्या दिवसापासून मोजा, भरती झाल्यापासून नाही. हॉस्पिटलच्या दिवसांत जोडीदाराने शक्य तेवढं काम उरकावं, फक्त ऑपरेशनचा दिवस, मोठ्या निर्णयाचा दिवस आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नर्स आणि फिजिओ जे शिकवतात ते शिकायला हजर राहावं, आणि ते शिकणं दोघांनी करावं, एकाने शिकून दुसऱ्याला सांगणं वेगळं पडतं. उचलायचं कसं, भरवायचं कसं, डायपर बदलायचं कसं हे हाताला कळावं लागतं.

तुटक सुट्टी म्हणजे आठवड्यातून एक ठरलेला दिवस, किंवा दोन अर्धे दिवस, किंवा डॉक्टरकडे जायचे दिवस तेवढे. बाहेरून हे कमी वाटतं, नातेवाईकांना तर वाटतंच की मुलगा कामावर निघून गेला, पण आमचा अनुभव आहे की महिनोन्महिने चालणाऱ्या आजारात हेच टिकतं. स्ट्रोकमध्ये सुधारणा सगळ्यात वेगाने पहिल्या तीन महिन्यांत होते, त्यानंतरही होते पण वेग कमी होतो, म्हणजे व्यायाम करून घ्यायला माणूस तीन महिने हवा, पंधरा दिवस नाही. तीच पंधरा दिवसांची रजा आठवड्याला एक दिवस अशी वापरली असती तर साडेतीन महिने पुरली असती. हे गणित त्या वेळी कोणीतरी आमच्यासमोर मांडायला हवं होतं असं फार वाटतं.

चक्राच्या आजारात तर तुटक सुट्टीला पर्यायच नाही. डायलिसिस बहुतेकांना आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी साधारण चार तास, त्यात जाणं-येणं धरा. केमो बऱ्याच वेळा 21 दिवसांच्या चक्रात असते आणि इथे लोक एक चूक करतात, केमोच्या दिवशीच सुट्टी घेतात आणि त्यानंतर निर्धास्त होतात. त्या दिवशी सोबत हवीच. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली जातात, तेव्हा इन्फेक्शनचा धोका मोठा, आणि ताप 38 सेल्सियस किंवा वर गेला तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं. मग त्या दिवसांत जोडीदाराला सुट्टी नसली तरी चालेल पण टूर नको, रात्री तो गावात हवा, आणि त्याला स्वतःला सर्दी-खोकला असेल तर त्याने रुग्णापासून लांब राहायचं. म्हणजे ऑफिसला मागायचं ते सुट्टी नाही, टूरची तारीख बदलून. ही मागणी लहान असते आणि लहान मागणीला होकार मिळायची शक्यता जास्त असते.

तुटक सुट्टीचा तोटाही सांगते, कारण तो खरा आहे. सुट्टी अर्ध्या दिवसाची असते आणि काम पूर्ण दिवसाचंच राहतं, ते मग रात्री लॅपटॉपवर होतं, आणि रोज थोडं थोडं तुटत गेलेला माणूस दोन्हीकडे दमलेला असतो. ऑफिसातले लोकही दोन महिन्यांनी विसरतात की घरी आजारपण चालू आहे. म्हणून वार ठरवून घ्या, लेखी घ्या, आणि त्या दिवशीचं काम कोण बघणार त्याचं नाव त्याच ईमेलमध्ये घाला.

घरून काम करण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. सगळ्यांना वाटतं हा सगळ्यात चांगला मार्ग, पगारही चालू आणि माणूसही घरात. आमच्याकडे चार महिने नवरा घरून काम करत होता आणि आमची सगळ्यात जास्त भांडणं त्याच चार महिन्यांत झाली. गिळायला त्रास असलेल्या माणसाला ताठ बसवून लहान लहान चमच्यांनी भरवावं लागतं, घाई केली की ठसका लागतो आणि अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते, जेवण झाल्यावरही अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं असतं. हे मीटिंग म्यूट करून होत नाही. बाथरूमला जायचंय ही हाक मीटिंग संपायची वाट बघत नाही. आणि मी आतून बघायचे की तो दहा पावलांवर बसलाय आणि उठत नाहीये, त्याला वाटायचं मी घरात आहे तरी हिला कमीच पडतंय, दोघांचंही बरोबर होतं.

पण जिथे हात लागत नाहीत, नुसती नजर लागते तिथे घरून काम फार उपयोगी आहे. ऑपरेशननंतर स्वतःचं स्वतः करणारा पण एकटा ठेवता येत नाही असा माणूस, किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण जो दार उघडून बाहेर जाऊ शकतो. स्मृतिभ्रंशात बऱ्याच जणांची घालमेल दुपार टळल्यावर, संध्याकाळकडे वाढते, तेव्हा ऑफिसशी बोलून सकाळी लवकर काम सुरू करून चारला उठायची परवानगी मिळवली तर ते आख्खा दिवस घरून करण्यापेक्षा बरं. थोडक्यात, हात हवेत तर सुट्टी, नजर हवी तर घरून काम.

पगारी माणूस ठेवणं याला काही घरांत अजून कमीपणा वाटतो, आमच्याकडेही वाटला, आणि त्यात आमचे पाच महिने गेले. इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. नळीने अन्न देणं, लघवीची पिशवी, जखमेचं ड्रेसिंग असेल तर शिकलेली नर्स हवी, निदान दिवसातून एकदा येणारी. अंघोळ, कूस बदलणं, भरवणं यासाठी अनुभवी केअरटेकर पुरते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला सांगतात, डॉक्टर आपल्या रुग्णापुरतं कमी-जास्त सांगतील ते करा, पण म्हणजे रात्रीसुद्धा, आणि तिथेच घर मोडतं.

पैसे एकाच पाळीचे असतील तर रात्रीची पाळी घ्या. लोक उलट करतात, दिवसाची घेतात कारण दिवसा जोडीदार कामावर असतो आणि रात्री "आपण दोघं आहोतच ना". पण रात्री दोघं नसतात, ज्याला सकाळी ऑफिस आहे त्याला झोपू दिलं जातं आणि दुसरी जागी असते. सतरा तासांच्या आसपास जागं राहिलेल्या माणसाची चपळता आणि लक्ष रक्तात 0.05 टक्के दारू असल्याइतकं घसरतं हे अभ्यासातून दिसलेलं आहे, आणि अशा डोक्याने आपण औषधाच्या गोळ्या मोजत असतो. मी एकदा सकाळची गोळी दोनदा दिली. नशिबाने ती निभावून जाण्यासारखी होती. त्यानंतर आम्ही रात्रीची बाई लावली.

केअरटेकर लावली म्हणून जोडीदार मोकळा होत नाही हेही आधीच बोलून घ्या. ती आजारी पडते, तिच्या घरी अडचणी येतात, ती न सांगता सोडून जाते, त्या दिवशी कोण थांबणार हे आधी ठरलेलं नसेल तर ते नेहमी तुम्हीच असता. आणि रुग्णाचं मनही असतं. सासूबाईंनी तीन आठवडे तिला अंघोळ घालू दिली नाही, परक्या माणसासमोर असं कसं म्हणून रडायच्या, मग मी शेजारी उभी राहायचे, मग दाराबाहेर, मग सवय झाली. एवढा वेळ द्यावा लागतो.

नोकरी सोडणं हाही प्रश्न येतो. आजारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत सोडू नका, एवढंच ठाम सांगते. तेव्हा आजार कुठे जाणारे तेच माहीत नसतं, आणि पुष्कळ ठिकाणी विमा नोकरीला जोडलेला असतो. आधी बिनपगारी रजा, कमी तास, फिरती नसलेलं काम मागून बघा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1981 चा 156 क्रमांकाचा करार म्हणतो की कौटुंबिक जबाबदारी हे एवढंच कारण नोकरीवरून काढायला चालणार नाही. तुमच्या देशाने तो मान्य केलाय का आणि तुमचा कायदा काय देतो हे राजीनाम्याआधी जरूर बघा.

एक गोष्ट मात्र चारही मार्गांत लागते. जोडीदार कुठेही असो, लांबून होणारी सगळी कामं पूर्णपणे त्याची असावीत. औषधं संपायच्या आधी मागवणं, विम्याचे कागद, अपॉइंटमेंट घेणं, रिपोर्टची फाइल लावणं, नातेवाईकांच्या फोनना उत्तर देणं. नवरा हॉटेलच्या खोलीत बसून हे करू शकत होता आणि वर्षभर ते मी करत होते, कारण त्याने "काही लागलं तर सांग" म्हटलं की मी सांगायचं हेही एक कामच होतं. ज्या दिवशी औषधांचा डबा आणि सगळे फोन त्याच्याकडे गेले त्या दिवशी मला वाटलं तेवढं हलकं सलग सुट्टीतही वाटलं नव्हतं.

ठरवण्याआधी एक करा. सांभाळणाऱ्यावर किती भार आहे हे मोजायची झारिट नावाची प्रश्नावली आहे, 22 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4, एकूण 88. ती निदान नाही, पण दोघांनी वेगवेगळी भरून मग एकमेकांना दाखवा. माझा आकडा 57 आला. त्याने माझ्यासाठी म्हणून अंदाजाने भरलेला 30 होता. त्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही, मग त्याने मॅनेजरला फोन करून पुढच्या महिन्याच्या दोन टूर दुसऱ्याला द्यायला सांगितल्या.

आणि खरंच काहीच ठरत नसेल तर सगळी रजा आज अडकवू नका. डिस्चार्जपासून पाच-सहा दिवस घ्या, फिजिओची किंवा डॉक्टरची पहिली फेरतपासणी होऊ द्या, एव्हाना रात्री किती वेळा उठावं लागतं हे कळलेलं असेल, आणि उरलेले दिवस त्या हिशोबाने वाटा.