क्रूझचं बुकिंग: सांगलीतला एजंट बरा की थेट कंपनी?

विश्रामबागला राहणाऱ्या माझ्या मावशीनं आणि काकांनी मुंबई-गोवा क्रूझ ठरवली होती. निघायला अठरा दिवस राहिले असताना मावशी अंगणात घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. बुकिंग ओळखीच्या एजंटकडून केलेलं, पैसे रोख दिलेले. पावती मी स्वतः पाहिली. ‘क्रूझ पॅकेज, दोन व्यक्ती, पूर्ण रक्कम जमा’, खाली सही आणि शिक्का. कंपनीचा बुकिंग नंबर नाही, केबिन कोणती तेही नाही. सफर रद्द करायला कंपनीला फोन केला तर पहिला प्रश्न बुकिंग नंबरचाच. तो हाती यायला पाच दिवस गेले, तोवर परताव्यातल्या कपातीचा पुढचा टप्पा लागू झाला होता. तेव्हापासून कुणी विचारलं की मी दराच्या आधी रद्द करण्याच्या अटींवर बोलते.

एजंट महाग पडतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नेहमी नसतं. त्याला कमिशन कंपनीकडून मिळतं, त्यामुळे भाडं बहुतेक वेळा सारखंच निघतं. फसगत होते ती आकडे चुकीचे ताडून पाहिल्यामुळे. जाहिरातीतला दर माणशी असतो, तोही एका केबिनमध्ये दोघं धरून. त्यावर पोर्ट चार्जेस, म्हणजे बंदराचं शुल्क, जीएसटी आणि बऱ्याच जहाजांवर ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची बक्षिसी, वेगळी लागते. एकटं जाणाऱ्याला जवळजवळ दोघांचं भाडं पडू शकतं. म्हणून दोन्हीकडून ‘सगळं धरून शेवटचा आकडा’ लेखी मागा.

पैसे भरताना एजंटची सोय मोठी आहे. हळदीचे पैसे आले की उरलेले देतो, असं त्याला सांगता येतं. कंपनीच्या वेबसाइटला ते चालत नाही, तिथे ॲडव्हान्स आणि उरलेली रक्कम ठरल्या तारखेला भरावीच लागते. पण थेट कार्डनं भरलं की परतावा त्याच कार्डावर येतो, आणि सेवा मिळालीच नाही तर बँकेकडे तक्रार करता येते. रोखीत हा आधार राहत नाही. एजंटकडे जायचंच असेल तर पैसे फर्मच्या खात्यात भरा, मालकाच्या नव्हे, आणि दोन दिवसांत कंपनीचा बुकिंग नंबर मागून घ्या. तो कंपनीला फोन करून स्वतः पडताळा.

खरा फरक पडतो रद्द करताना. निघायची तारीख जवळ येईल तशी कंपनीची कपात वाढते आणि अगदी शेवटी भाड्यातलं काहीच परत मिळत नाही. थेट बुकिंगला कपात ही एवढीच. एजंटकडे त्यावर त्याचा सर्व्हिस चार्जही जातो. त्यानं ग्रुपसाठी केबिन्स एकत्र घेतल्या असतील तर अटी आणखी कडक असू शकतात, आणि हे सहसा आपल्याला कुणी सांगत नाही. ‘माझी केबिन ग्रुपमधली आहे का?’ असं सरळ विचारा. रद्द करण्याऐवजी तारीख बदलून मिळते का, परतावा खात्यात येतो की पुढच्या सफरीसाठी क्रेडिट मिळतं, पोर्ट चार्जेस परत देतात का, हेही पैसे भरायच्या आधीच विचारून घ्या.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्यांनी थेट कंपनीकडेच बुक करावं, असं माझं ठाम मत आहे. सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझसाठी, त्यातही बरोबर वयस्कर माणसं असतील तर, मी चांगला एजंट निवडेन. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणून सिंगापूरचा मल्टिपल एंट्री, म्हणजे एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा, व्हिसा लागतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. ही कागदपत्रं सांभाळणारा माणूस जवळ असलेला बरा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, कापतात, तो आयकर रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून त्याची नोंद आपल्या पॅनवर झाली का ते बघा.

प्रवास विमा दोन्हीकडे घ्याच, आणि तो बुकिंग केल्या केल्या घ्या. आजारपण, अपघात यांसाठी रद्द करण्याचं संरक्षण त्यात आहे का ते वाचा. नुसतं मन बदललं तर साध्या विम्यात पैसे मिळत नाहीत.

आपल्याकडच्या माणसाला आणखी एक धोका आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा सांगलीतून बाहेर पडणंच अवघड झालं होतं. जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि वेळेवर न पोचणारा ‘नो शो’ धरला जातो, म्हणजे परतावा शून्य. एरवी महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझचा धक्का, जवळच आहे. पावसाळ्यातली सफर असेल तर मात्र नदीची पातळी बघत दोन दिवस आधीच पुणे-मुंबई गाठा.