काउंट नॉर्मल, मोटिलिटी शून्य: सिमेन अ‍ॅनालिसिससाठी या लॅबमध्ये जा

४ स्टार. पाचवा का कापला ते खाली लिहिलंय.

मूल होत नाही म्हणून बायकोच्या सगळ्या टेस्ट आधी झाल्या (आपल्याकडे सुरुवात बाईपासूनच करतात, हे थांबलं पाहिजे खरं तर) आणि मग माझा नंबर लागला. आधी जिथे गेलो तिथे सिमेनचा (वीर्याचा) काउंट, म्हणजे स्पर्मची संख्या, नॉर्मल आणि मोटिलिटी, म्हणजे त्यांची हालचाल, शून्य असा रिपोर्ट आणि महागडी पावडर लिहून दिली. शून्य म्हणजे सगळे मेलेले का, असं विचारलं तर कोणी धड बोलेना.

इथे सॅम्पल देतानाच फरक जाणवतो. किती दिवसांचा गॅप होता, किती वाजता दिलं, थोडंसं सांडलं का, सगळं विचारून लिहून घेतात आणि तासाभराच्या आत मायक्रोस्कोपखाली घेतात. मोटिलिटी कमी दिसली तर व्हायटॅलिटी टेस्ट (किती स्पर्म जिवंत आहेत ते बघणारी) स्वतःहून करतात. मला स्क्रीनवर दोन्ही स्लाइड दाखवल्या, पहिलीवर एकही हलत नव्हता, दुसरीवर इओसिन-निग्रोसिन नावाचा रंग लावलेला, त्यात मेलेल्याचं डोकं गुलाबी होतं आणि जिवंत असेल तर पांढरंच राहतं. माझ्यात बहुतेक सगळी पांढरी! डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मॅन्युअलमध्ये जिवंत किमान ५४% आणि हलणारे ४२% अशी खालची लिमिट आहे, म्हणजे मी एकात व्यवस्थित पास आणि दुसऱ्यात साफ शून्य.

मग काउन्सेलर मॅडमनी जे समजावलं त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितोय. जिवंत आहेत पण हलत नाहीत म्हणजे घोळ शेपटीत असू शकतो. शेपटीच्या लांब भागावर एक आवरण असतं, ते मुख्यतः ए-कॅप-४ नावाच्या प्रोटीनचं. हे स्कॅफोल्ड प्रोटीन, म्हणजे स्वतः शेपटी हलवत नाही, पण हलवायला जे लागतं ते जागेवर धरून ठेवतं. पोहण्याचा सिग्नल पुढे नेणारं पीकेए एन्झाइम तिथेच अडकवलेलं असतं आणि साखरेतून एनर्जी काढणारी एन्झाइम्सही त्याच आवरणात असतात, चहाच्या टपरीवर कसं सगळं हाताशी मांडलेलं असतं तसं. २००२ साली उंदरांमध्ये हे प्रोटीन बनवणारा जीन बंद करून बघितला तर स्पर्मची संख्या कमी झाली नाही, पण ते पुढे पोहेनात आणि नर वांझ निघाले. हे ऐकल्यावर काउंट चांगला असूनही असं होऊ शकतं हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

मॅडमनी लगेच हेही सांगितलं की तुमच्यात हाच जीन असं मी म्हणत नाहीये, शेपटी बिघडवणारे जीन बरेच आहेत, ब्लड सॅम्पल पाठवू मग बघू. रिपोर्ट यायचाय अजून. हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, त्यामुळे त्यात दोष निघाला तर माझ्याकडून मुलाला जाणार नाही, कारण मुलाला माझा वाय जातो, पण मुलगी झाली तर ती कॅरिअर (दोष पुढे नेऊ शकणारी) असेल, हे कागदावर आकृती काढून दोघांना दाखवलं. बायकोने खूप प्रश्न विचारले, एकालाही टाळलं नाही. इक्सीबद्दलही नीट सांगितलं, १९९२ पासून ही पद्धत आहे, एकच जिवंत स्पर्म सुईने अंड्यात सोडतात त्यामुळे त्याला पोहावं लागत नाही, पण निवडलेला जिवंतच हवा, म्हणून ती व्हायटॅलिटी टेस्ट एवढी महत्त्वाची. पावडरीने शेपटीची रचना बदलत नाही हेही स्पष्ट सांगितलं.

आता तक्रार. वेटिंग एरिया सोनोग्राफीवाल्यांबरोबर कॉमन आहे आणि काउंटरवर नाव आणि टेस्ट मोठ्याने पुकारतात, हे अजिबात बरोबर नाही, आधीच माणूस टेन्शनमध्ये असतो. रिपोर्टही फक्त इंग्रजीत, मराठीत एक पान तरी द्या.

शनिवारी प्रचंड गर्दी असते, मधल्या वारी सकाळचा स्लॉट घ्या, आधीचे सगळे रिपोर्ट न्या आणि मॅडमची वेळ फोनवर वेगळी मागून घ्या, टेस्टच्या बुकिंगमध्ये ती येत नाही.