8 स्पीड हब गिअर, दीड वर्ष, रोजचे 17 सिग्नल

घर ते ऑफिस 9 किलोमीटर, त्यातले मधले चारेक भर गर्दीतले, आणि तेवढ्यात 17 सिग्नल. हो मोजलेत, लाल दिव्याला उभं राहून दुसरं करणार काय. आधीची सायकल डिरेलरवाली (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी, बाहेर लोंबणारी यंत्रणा) होती, 21 गिअर, त्यातले वापरात जेमतेम पाच. दीड वर्षापूर्वी हब गिअरवाली घेतली आणि त्या हबबद्दलच लिहितोय, बाकी सायकल साधीच आहे, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, विषय संपला. कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढे थोडी कटकट पण केलीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हब गिअर म्हणजे सगळे गिअर मागच्या चाकाच्या हबच्या, म्हणजे मधल्या जाड भागाच्या आत. मधे एक दातेरी चाक आणि त्याच्याभोवती छोटी चाकं फिरतात, सूर्य आणि ग्रह असतात तसं. बाहेर फक्त एक स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चक्र), चेन सरळ रेषेत, लोंबणारं काही नाही. आयडिया अजिबात नवी नाही, स्टर्मी-आर्चर कंपनी 1902 साली तीन स्पीडच्या हबसाठीच सुरू झाली होती.

आता खरा मुद्दा. हा गिअर उभ्या उभ्या बदलता येतो. ऐकायला काहीच वाटत नाही पण गर्दीत सायकल चालवणाऱ्याला विचारा. डिरेलरला गिअर पडायला चेन फिरावी लागते, म्हणजे सिग्नलला पोचायच्या आधीच खाली यायचं लक्षात ठेवायचं, आणि नेमका पुढचा रिक्षावाला किंवा कारवाला कचकन ब्रेक मारतो, आपण वरच्या गिअरमधे अडकतो, मग हिरवा लागल्यावर उभं राहून पायडलवर सगळं वजन टाकून डुगडुगत निघायचं आणि मागे बस हॉर्न देत उभी. त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत सायकल सगळ्यात जास्त डगमगते आणि नेमक्या तेव्हाच सगळ्या गाड्या एकदम सुटतात. हबवर मी थांबल्यावर हँडलवरची गिअरची ग्रिप फिरवतो, दुसऱ्यावर आणतो, हिरवा लागला की बसल्या बसल्या सरळ रेषेत बाहेर. टॉप स्पीड वगैरे गप्पा शहराच्या गर्दीत कामाच्या नाहीत हो, तिथे निघता कसं येतं तेच बघावं लागतं.

रेंज 307 टक्के आहे, म्हणजे आठवा पहिल्याच्या तिप्पट जड, फ्लायओव्हरच्या चढाला पुरते. पण गिअरमधलं अंतर सारखं नाही. पहिला-दुसरा आणि पाचवा-सहावा यात जवळपास 22 टक्क्यांची उडी आहे आणि ती पायाला जाणवते. पाचवा डायरेक्ट, म्हणजे आतली छोटी चाकं मधे न येता जोर सरळ चाकाला, त्यात आवाज नाही की फारसं घर्षण नाही, मोकळा रस्ता मिळाला की मी त्यातच. कंपनीने मागे 18 दातांचं स्प्रॉकेट दिलं होतं, सिग्नलवरून सुटायला जड पडायचं, 21 चं बसवून घेतलं (चेन थोडी लांब घ्यावी लागली). नवीन घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे करावं, मी चार महिने उगाच गुडघे दुखवून घेतले.

एक सवय मात्र लावावीच लागते. चालत्या सायकलवर गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडायचा. पहिल्याच आठवड्यात मी जोरात रेटत असताना ग्रिप फिरवली, गिअर पडला नाही, पायडल रिकामा फिरला आणि नडगी सोलून निघाली.

कटकट नंबर एक, मागचं पंक्चर. चाक काढायचं म्हणजे 15 चा पाना, दोन नट, त्यामागचे खाचेचे वायसर, गिअरची केबल सोडवायची, परत लावताना चेनचा ताण बघायचा. पहिल्यांदा मला पाऊण तास लागला, ऑफिसचा शर्ट काळा झाला तो वेगळाच. नंतर कळलं की चाक काढायची गरजच नसते, टायर एका बाजूने उतरवून ट्यूब ओढून घ्यायची, भोक शोधायचं, पॅच मारून परत आत. जाड संरक्षक थराचे टायर टाकल्यापासून ती वेळही फार आलेली नाही.

दुसरं वजन. हब दोनेक किलोचा आणि सगळा भार मागे, त्यामुळे जिना चढवताना सायकलचं ढुंगण खाली ओढतं. रोज तिसऱ्या मजल्यावर नेणार असाल तर दहादा विचार करा.

मेंटेनन्स जवळजवळ नाहीच. पार्किंगमधे शेजारची सायकल अंगावर पडली तरी वाकायला डिरेलर नाही, चेन आजवर एकदाही उतरलेली नाही. गिअर घसरायला लागला की चौथ्यावर टाकायचा, हबवरच्या दोन पिवळ्या रेषा समोरासमोर येईपर्यंत केबलचा स्क्रू फिरवायचा, झालं. हे मी एकदा सिग्नलला उभा असताना केलंय, आणि तो 90 सेकंदांचा सिग्नल आहे, त्यातही वेळ उरला.

आतलं ऑइल मात्र दोन वर्षांनी किंवा 5000 किलोमीटरला बदलायचं असतं आणि माझे 5000 होऊन गेलेत. दोन मेकॅनिकना विचारलं, दोघांनी हबकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि "चालतीये ना अजून?" म्हणाले. चालतीये.