लुस्टिग की शोभराज : ठकसेनावर लिहायचं तर कोणाला निवडावं?

आंतरराष्ट्रीय ठकसेनावर एकच लेख लिहायचा किंवा एकच व्याख्यान द्यायचं तर व्हिक्टर लुस्टिग आणि चार्ल्स शोभराज ही दोन नावं हटकून पुढे येतात. रंगतात दोघंही, पण हाती लागणारा ऐवज वेगळा.

फसवणुकीची कला उलगडायची असेल तर लुस्टिग घ्या. १९२५ मध्ये आयफेल टॉवरची देखभाल डोईजड झाल्याची चर्चा पॅरिसच्या वर्तमानपत्रांत होती. १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभारलेला टॉवर मुळात वीसच वर्षं ठेवायचा होता, त्यामुळे तो मोडीत निघणार हे सहज पटण्यासारखं. लुस्टिगनं टपाल खात्याचे बनावट कागद तयार केले, भंगार व्यापाऱ्यांना क्रियाँ हॉटेलात बोलावलं आणि ‘लोक खवळतील, बोभाटा नको’ असं बजावलं. या गुप्ततेमुळे खात्यात जाऊन विचारायची वाटच बंद झाली. हेरलेल्या व्यापाऱ्याला शंका आली तेव्हा लुस्टिगनं आडून लाच मागितली. हात ओले करायला सांगणारा म्हणजे अस्सल सरकारी माणूस, असं समजून गडी निर्धास्त झाला! नंतर लाजेपोटी त्यानं तक्रारही केली नाही. तोच डाव दुसऱ्यांदा टाकल्यावर मात्र प्रकरण पोलिसांत गेलं.

त्याची नोटा ‘छापणारी’ पेटीही याच मुशीतली. खरी नोट आणि कोरा कागद आत सरकवायचा, काही तास थांबायचं, मग आधीच लपवून ठेवलेली खरी नोट बाहेर. गिऱ्हाईकालाच खोट्या नोटा हव्या असल्यानं ते पोलिसांकडे जाणार कसं?

अडचण पुराव्याची आहे. लुस्टिगच्या किश्श्यांत सांगोवांगी फार. १९३५ ची अटक, न्यूयॉर्कच्या कोठडीतून पलायन, वीस वर्षांची शिक्षा आणि अमेरिकेतला अल्काट्राझ तुरुंग, एवढा भाग पक्का धरून चाला.

शोभराजचं उलटं आहे. त्याच्यावर भारतात आणि नेपाळात खटले चालले, म्हणजे न्यायालयांचे निकाल हाताशी आहेत. पण त्याला नुसता ठकसेन म्हणू नका, तो खुनी आहे. रत्नांचा व्यापारी म्हणून ओळख वाढवायची, औषध पाजून पर्यटकाला आजारी पाडायचं, वर शुश्रूषाही करायची, मग पासपोर्ट आणि प्रवासी धनादेश लांबवायचे. तेव्हाच्या पासपोर्टावर फोटो चिकटवलेला असे, तो बदलला की माणूस बदलला. जुलै १९७६ मध्ये दिल्लीत फ्रेंच विद्यार्थ्यांना हगवणीच्या नावाखाली गोळ्या दिल्या. त्या अपेक्षेआधीच, सगळ्यांसमोर लागू पडल्या आणि विद्यार्थ्यांनीच त्याला धरलं.

मराठी वाचकासाठी शोभराजकडे आणखी एक धागा आहे : मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे. त्यांनी त्याला १९७१ मध्ये पकडलं आणि पुन्हा ६ एप्रिल १९८६ ला गोव्यात, पर्वरीच्या रेस्टॉरंटात. त्याच्या तीन आठवडे आधी गुंगीची मिठाई वाटून तो तिहारमधून निसटला होता. हे पलायनही हिशेबी मानलं जातं, कारण खुनांसाठी निघालेल्या थायलंडच्या वॉरंटची मुदत वीस वर्षांची होती आणि भारतात शिक्षा वाढली की ती इथंच उलटून जाणार होती. १९९७ मध्ये तो सुटला तेव्हा ती उलटलेलीच होती.

व्याख्यान अर्ध्या तासाचं असेल तर लुस्टिग, कारण टॉवर आणि पेटीत तो मावतो. लांब लेखाला शोभराजच. फक्त २००३ ची काठमांडूतली अटक आणि डिसेंबर २०२२ ची सुटका यांना जागा राखून ठेवा, नाहीतर गोष्ट तिहारलाच अडकते.