पीसीजीएस की एनजीसी? आणि सत्तरचा हट्ट किती धरावा

परवा भाचा रावपुऱ्यात घरी आला आणि टेबलावर चार नाणी मांडून बसला. देवघरातला सयाजीरावांची छबी असलेला चांदीचा रुपया, गांधी जन्मशताब्दीचं 1969 चं दहा रुपयांचं प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं) नाणं आणि मित्राने अमेरिकेतून आणलेली सिल्व्हर ईगल ही दोन चांदीची नाणी. "मामा, पीसीजीएसला पाठवू की एनजीसीला?" या दोन अमेरिकन कंपन्या. नाणं अस्सल आहे का ते तपासतात, त्याच्या अवस्थेला अंकी ग्रेड देतात आणि प्लास्टिकच्या बंद डबीत लेबल लावून परत पाठवतात.

रुपया मी आधी उचलून बाजूला ठेवला. तो 1890 च्या दशकातला. आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, परत आणायची असली तरी. बडोद्यात घरोघरी गायकवाडी नाणी आहेत, म्हणून हे ठळक सांगतोय. शिवाय दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासलेला रुपया! त्याला अंकी ग्रेड मिळालीच नसती. 'डिटेल्स' (अस्सल, पण बिघडलेलं) असा शेरा आणि पुढे 'क्लीन्ड' (घासलेलं), एवढंच.

उरलेल्या तिघांसाठी मात्र प्रश्न खरा आहे.

पीसीजीएस 1986 पासून कॅलिफोर्नियात काम करते, एनजीसी 1987 पासून. तिचं ठाणं आता फ्लोरिडात सारासोटाला. दोघी एकच मोजपट्टी वापरतात, 1 ते 70. ही पट्टी अमेरिकन नाणे-अभ्यासक शेल्डन यांनी 1949 साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी बनवली. सर्वांत झिजलेल्या सेंटाची किंमत एक, तर निर्दोष सेंटाची सत्तरपट, असा मूळ हिशेब. तो हिशेब केव्हाच मोडला, आकडे राहिले.

नाणं एकच, पण लेबलांची बोली वेगळी. प्रूफला पीसीजीएस 'पीआर' लिहिते, एनजीसी 'पीएफ'. आरशासारख्या पार्श्वभूमीवर दुधाळ छबी उठून दिसली की पीसीजीएसकडे 'डीप कॅमिओ', एनजीसीकडे 'अल्ट्रा कॅमिओ'. एनजीसीच्या डबीत नाण्याभोवती बहुधा पांढरं कडं असतं. पीसीजीएसची डबी आरपार. मला पीसीजीएसची डबी आवडते, पण पांढऱ्या कड्यात चांदी खुलते हेही खरं. पीसीजीएसच्या संचनोंदणीत, म्हणजे संग्राहक आपापले संच नोंदवतात त्या यादीत, फक्त त्यांच्याच डबीतली नाणी चालतात, म्हणून एका कंपनीचा संच सुरू केलात की मध्येच घोडा बदलू नका. एएनएसीएस ही अशीच तिसरी कंपनी 1972 पासूनची, म्हणजे दोघींपेक्षा जुनी; पण विकताना तिच्या डबीला सहसा तेवढा भाव येत नाही.

आता सत्तरचं वेड. 70 म्हणजे पाचपट भिंगाखालीही टांकसाळीनंतरचा ओरखडा दिसू नये. 69 मध्ये कुठेतरी एखादा बारीक ठिपका. भिंगाशिवाय दोन्ही शेजारी ठेवून ओळखून दाखवा, मी मांडवीत नाश्ता देतो. ईगल 1986 पासून दर वर्षी निघतं, एक औंस शुद्ध चांदी, आणि अलीकडच्या वर्षांची 70 ग्रेडची नाणी ढिगाने आहेत. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या वर्षाला किती 70 दिले ते दिसतं. जादा पैसे मोजण्याआधी तो आकडा बघा. चांदीवर पुढे पांढुरके डाग उमटू शकतात. डाग पडला तरी लेबलावरचा 70 तसाच राहतो, गिऱ्हाईक मात्र नाणं बघतं.

'फर्स्ट स्ट्राइक', 'अर्ली रिलीजेस' या शब्दांनीही भुलू नका. नाणं विक्रीला आल्यापासून साधारण तीस दिवसांत कंपनीकडे पोहोचलं, एवढाच त्याचा अर्थ; साच्यातून आधी निघालं असा नाही.

म्हणून भाच्याला सांगितलं, ईगल पाठवू नकोस. हौसच असेल तर डबीतलं 69 तयार मिळतं, चांदीच्या भावावर थोडं चढवून. गांधींचं नाणं पाठवण्याजोगं आहे. 15 ग्रॅम, ऐंशी टक्के चांदी, प्रूफवर मुंबई टांकसाळीचं 'बी' अक्षर, आणि अशी पन्नास वर्षं जुनी प्रूफ नाणी बोटांच्या ठशांशिवाय सापडणं कठीण. इथे 64 आणि 67 मधला फरक डोळ्यांना दिसतो आणि किमतीलाही. त्याच्याकडे अजून कसलाच संच नाही, म्हणून दोन्हींपैकी कुठलीही कंपनी चालेल. मी एनजीसी म्हणालो, ते त्या पांढऱ्या कड्यासाठी. पण एकट्या नाण्यावर जायचा-यायचा खर्च, विमा आणि कस्टमचे कागद जड पडतात. आणखी चार-पाच प्रूफ जमेपर्यंत ते नाणं पाकिटातच राहू दे, आणि कडेनेच धर, म्हटलं.