फर्डिनांडचा चहा, ह्यूबर्टची कॉफी: ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’

‘थ्री हाउसेस’ या व्हिडिओ गेममध्ये मिर्डिनच्या पुलावर मी फर्डिनांडला मारलं तेव्हा मला काहीही वाटलं नव्हतं. माझ्या गटातल्या फेलिक्सला पुढे केलं, क्रिटिकल (जबर वार) लागला, फर्डिनांड पडला आणि मी पुढच्या टर्नचा विचार करू लागलो. गेममधल्या शाळेच्या वर्षात दिसलेला दुसऱ्या घरातला, म्हणजे विद्यार्थी-गटातला, एक बढाईखोर उमरावपुत्र, दर दोन वाक्यांनी स्वतःचं पूर्ण नाव ऐकवणारा, एवढीच माझी त्याची ओळख.

दुसऱ्या दिवशी ताईला हे सहज सांगितलं तर ती उखडलीच. “फर्डीला मारलंस? बोललास तरी का त्याच्याशी कधी?” आमच्याकडे निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल एकच, प्रोफाइल दोन. मी ब्लू लायन्स हे घर घेतलं होतं, तिने ब्लॅक ईगल्स, म्हणजे फर्डिनांडचं. तिने माझ्या हातातून कंट्रोलर घेतला आणि तिच्या सेव्हमधला एक संवाद लावला. एका बाजूला ह्यूबर्ट, ब्लॅक ईगल्सची प्रमुख एडलगार्ड हिच्यासाठी कुणालाही विष घालायला मागेपुढे न पाहणारा. दुसऱ्या बाजूला हा फर्डिनांड, ज्याला हरेक गोष्टीत एडलगार्डला हरवायचंय. आधीच्या संवादांत दोघे एकमेकांना नुसते बोचकारतात. एक चहाचा भक्त, दुसरा कॉफीचा. आणि दोघांची जवळीक वाढून ए लेव्हलला पोचली की काय होतं, तर कॉफीवाल्याने चहाची पत्ती आणलेली असते आणि चहावाल्याने कॉफी. दोघांनी एकमेकांसाठी. दोघांनाही ते कबूल करायला जड जातं. बस, एवढंच. पण मला पूल आठवला आणि घशाशी काहीतरी आलं.

(पुढे सगळे स्पॉयलर आहेत. गेम 26 जुलै 2019चा आहे, तरी ज्यांना कोरं राहायचंय त्यांनी इथेच थांबावं.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंटेलिजंट सिस्टिम्स आणि कोएई टेक्मो यांनी मिळून केलेला हा टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी आरपीजी, म्हणजे पाळीपाळीने चाली करत पात्रं वाढवायचा खेळ. फोडलान नावाच्या खंडाच्या मधोमध गारेग माख हा मठ, मठात सैनिकी विद्यालय, आणि तिथले शिक्षक बायलेथ म्हणजे आपण. तीन राज्यांची तीन घरं, त्यातलं एक निवडायचं. वर्षभर मुलांना शिकवायचं, जेवू घालायचं, हरवलेल्या वस्तू परत करायच्या, चहाला बोलवायचं. मग पाच वर्षं मध्ये जातात आणि उरलेल्या दोन घरांतली मुलं समोर हत्यार घेऊन उभी राहतात.

या जातीच्या गेममध्ये लेखनाची एक मोठी अडचण असते. पात्रं तीसेक, आणि त्यातलं कुणीही लढाईत मरू शकतं. त्यामुळे मुख्य कथेत दोन-चार जणांवरच भर देता येतो, बाकीचे मागे उभे. याच मालिकेने त्यावर 2002 साली ‘द बाइंडिंग ब्लेड’मध्ये तोडगा काढला: दोन युनिट रणांगणावर शेजारी शेजारी राहिले की त्यांच्यात सपोर्ट, म्हणजे जवळीक, वाढतो आणि त्यांचे संवाद उघडतात. तेव्हा एका पात्राला एका खेळात असे पाचच संवाद मिळायचे. ‘थ्री हाउसेस’मध्ये ती मर्यादा गेली, संवाद बहुतेक सगळे आवाजासकट आले. पण मूळ हिशोब तोच राहिला. तुम्ही ज्याला कुणाच्या बाजूला उभं कराल, त्याची गोष्ट तुम्हाला कळेल. ज्याच्याकडे पाहिलंच नाही तो अनोळखीच मरेल. फर्डिनांडसारखा.

माझ्या मते या गेमचं लेखन जिथे जिथे जमलंय तिथे तिथे कारण हेच आहे, की ते खेळाच्या नियमांत मुरलेलं आहे. डिव्हाइन पल्स घ्या. चूक झाली की काळ मागे नेणारं बटण. दर लढाईत मोजक्या वेळा मिळतं, आणि आपण ते आळसाने वापरायला लागतो. चाल चुकली, मागे; बाण हुकला, मागे. नवव्या प्रकरणात जेराल्टच्या, म्हणजे आपल्या बापाच्या, पाठीत सुरा खुपसला जातो. बायलेथ तेच करते जे आपण इतके दिवस करत आलो: काळ मागे नेते, वार करते. आणि तो वार मध्येच अडवला जातो. जेराल्ट पुन्हा मरतो. त्या प्रसंगात एकही मोठं वाक्य नाही. गरजच नाही, कारण त्या बटणाची सवय आपल्याच अंगठ्याला लागलेली असते.

किंवा ग्रॉन्डरचं मैदान. शाळेच्या वर्षात इथे तीन घरांची लुटुपुटुची लढाई होते, नंतर सगळे एकत्र जेवतात. पाच वर्षांनी तेच मैदान, तीच तीन बाजूंची फळी, फक्त आता खरी. मधल्या टेकडीवर बॅलिस्टापाशी (मोठे बाण फेकणाऱ्या यंत्रापाशी) ब्लॅक ईगल्सची बर्नाडेटा असते. ही खोलीबाहेर पडायलाही घाबरणारी मुलगी. मुकाट बायको व्हायची तालीम म्हणून बापाने खुर्चीला बांधून ठेवलेली. टेकडी हातची जाणार असं दिसलं की एडलगार्डच्या हुकमाने ती टेकडीच पेटवली जाते, वर बर्नाडेटा असली तरी. बर्नाडेटाला तुम्ही आधीच आपल्या वर्गात ओढलं असेल तर तिथे कुणीतरी बिननावाचा शिपाई जळतो. तीच आग, आणि आपल्याला वाटतं “सुटलो”. या सुटकेची लाज मला दुसऱ्या फेरीत वाटली.

ब्लू लायन्सचा प्रमुख, राजपुत्र दिमित्री याच्याबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. फेलिक्स त्याला पहिल्यापासून ‘रानडुक्कर’ म्हणतो आणि आपल्याला फेलिक्सच उर्मट वाटतो. नंतर कळतं की दोन वर्षांपूर्वीचं बंड मोडताना त्याने दिमित्रीचा चेहरा पाहिलेला आहे. पण माझ्या लक्षात राहिला तो मठातल्या फ्लेन या मुलीबरोबरचा त्याचा संवाद. फ्लेनचा स्वयंपाक भयंकर. दिमित्री शांतपणे खातो, छान झालंय म्हणतो. मग कबूल करतो की त्याला कित्येक वर्षांपासून चवच लागत नाही. मी त्याला महिनोन्महिने त्या मठाच्या भोजनगृहात बसवून जेवू घातलं होतं, दर वेळी सपोर्ट वाढतोय म्हणून खूश होत.

आणि मग हेच लेखक त्याच दिमित्रीचा शेवट घाईत उरकतात. पाच वर्षं सूडाने पेटलेला, मेलेल्यांशी बोलणारा माणूस. फेलिक्सचा बाप रॉड्रिग त्याच्यासाठी जीव देतो, पावसात बायलेथ हात पुढे करते, आणि पुढच्या महिन्यात स्वारी सगळ्यांची माफी मागून शहाण्यासारखी राजधानीकडे निघते. प्रसंग सुंदर आहे, आवाजाचा अभिनय तर फारच. पण जखम भरायला निदान अजून तीन प्रकरणं हवी होती. ताईचं म्हणणं, तिच्या क्रिम्झन फ्लॉवर रूटवर (एडलगार्डच्या बाजूने जाणाऱ्या कथेच्या वाटेवर) त्याहून मोठा अन्याय झालाय: बाकीच्यांपेक्षा तो आखूड, एकूण 18 प्रकरणांत संपतो, आणि ज्यांचा सूड एडलगार्डला घ्यायचाय त्या पडद्यामागच्या खलनायकांचा निकाल शेवटच्या चार ओळींत लावतात. इथे मी तिच्याशी सहमत आहे. एरवी एडलगार्डवरून आमचं अजून जमलेलं नाही. तसे ते अंधारातले खलनायक मला कुठल्याच रूटवर पटले नाहीत. सगळ्या जगाला दुखणं आहे, कारण आहे, बालपण आहे. यांना फक्त काळे झगे.

बायलेथ ही दुसरी दुखरी नस. मुकी. उत्तराचे दोन पर्याय येतात, दोन्हींचा अर्थ बहुधा एकच. समोरचा पोटतिडकीने बोलतो आणि आपण मान हलवतो. शिवाय पहिली 12 प्रकरणं सगळ्या घरांना जवळपास सारखीच. तिसऱ्या फेरीत मी तळ्यावर मासे पकडताना अक्षरशः पेंगलो.

‘ट्रायँगल स्ट्रॅटेजी’ (2022) मी नंतर खेळलो. तिथे मोठा निर्णय तराजूवर मतदानाने होतो आणि आपल्याच माणसांची मनं वळवावी लागतात. कल्पना अव्वल, पण सगळे सभेत भाषण केल्यासारखे बोलतात. ‘एंगेज’ (2023) याच मालिकेतला, लढाया याच्याहून कितीतरी सरस, मात्र पात्राला एक लकब दिली की लेखकाचं काम झालं. नुसते मॅप हवेत त्यांनी तोच घ्यावा. माणसं हवीत त्यांनी ‘थ्री हाउसेस’ घ्यावा, पहिल्या फेरीला 70 तास धरावेत (माझे तितके लागले), क्लासिक मोड (ज्यात पडलेलं पात्र परत येत नाही) लावावा आणि कोण कुणाच्या शेजारी उभं आहे याकडे लक्ष ठेवावं.

दुसऱ्यांदा ब्लू लायन्स खेळताना मी फर्डिनांडला वाचवायचं ठरवलं. त्याला आपल्या वर्गात आणायला हस्तकौशल्य (डेक्स्टेरिटी) आणि हेवी आर्मरचं कसब लागतं, म्हणून बायलेथला महिनोन्महिने जड चिलखतात राबवलं. आला एकदाचा. पुलावर या वेळी तो माझ्या बाजूने होता. मग सपोर्टची यादी उघडली. ह्यूबर्टला कुठल्याही युक्तीने ब्लू लायन्समध्ये आणता येत नाही, त्यामुळे त्या यादीत त्याचं नावच नव्हतं. ताईला दाखवलं तर म्हणाली, “म्हणजे जगला, पण कॉफी नाही.”