रत्नागिरीची वारसा फेरी : सगळे दाखवले, कलम तेवढे राहिले

रत्नागिरी शहरातील स्वातंत्र्यलढ्याच्या खुणा दाखवणारी अर्ध्या दिवसाची फेरी येथील एक छोटी पर्यटन संस्था काढते. गेल्या रविवारी मुंबईहून आलेल्या मेहुण्यांना घेऊन आम्ही तीत सहभागी झालो. माणशी ४५० रुपयांत गाडी, पाणी आणि शेवटी कोकम सरबत मिळते, निघण्याची वेळ पाळली जाते आणि मार्गदर्शक तरुण मनमिळाऊ आहे. व्यवस्थेबद्दल तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती निवेदनाबद्दल. टिळक आळीतील जन्मस्थानी उभे राहून त्याने टिळकांची १८९७ मधील १८ महिन्यांची सक्तमजुरी आणि १९०८ मधील सहा वर्षांची हद्दपारी अचूक सांगितली. परंतु कारण मात्र ‘इंग्रजांविरुद्ध लिहिलं म्हणून’ एवढ्यावर उरकले. वास्तविक खरी गोष्ट तेथेच सुरू होते. भारतीय दंड संहितेत १८७० मध्ये घातलेल्या राजद्रोहाच्या कलम १२४-अ मधील ‘अप्रीती’ म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्या. स्ट्रॅची यांनी १८९७ च्या खटल्यात ज्युरीला समजावला; सहा युरोपीय ज्युरींनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्युरींनी निर्दोष मानले आणि पुढच्याच वर्षी सरकारने त्या कलमाची व्याप्ती आणखी वाढवली. पुण्याच्या नातू बंधूंना तर त्याच १८९७ साली १८२७ च्या एका जुन्या नियमाखाली खटल्याविनाच डांबून ठेवले गेले.

थिबा राजवाड्यात मात्र हाच तरुण खुलला. कठड्याला टेकून तो म्हणाला, ‘‘काका, अदलाबदल बघा. मंडालेचा राजा इथे आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत!’’ १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलेला ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये येथेच वारला आणि त्याच्यावर कधीही खटला चालला नाही, हेही त्याने आवर्जून सांगितले. फेरीचे निम्मे पैसे तेथेच वसूल झाले.

विशेष कारागृह आजही वापरात असल्याने ते आम्ही बाहेरूनच पाहिले. पतितपावन मंदिरात १९३१ च्या उभारणीची माहिती चांगली मिळाली, सावरकरांबद्दल मात्र ‘स्थानबद्ध होते’ या दोन शब्दांपलीकडे काही नाही. जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या १९२४ मधील अटींची मुदत पाच वर्षांची होती. ती वाढवत वाढवत १९३७ पर्यंत नेण्यात आली. सावरकरांच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, मुदतवाढीची ही रीत श्रोत्यांना कळायला हवी.

परतताना मेहुण्यांनी विचारले, ‘‘ते १२४-अ आता गेलं ना?’’ ‘‘ते इंग्रजांबरोबरच गेलं,’’ असे उत्तर आले. हे साफ चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी त्याचा वापर थांबवला आणि दंड संहितेबरोबर ते १ जुलै २०२४ रोजी संपले, तरी तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये राजद्रोह हा शब्द वगळून त्याचा बराचसा आशय उरलाच आहे. शिवाय जुलै २०२५ मध्ये आपल्याच विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांचे कारण देऊन जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेव्हा हा प्रश्न पर्यटकांकडून पुन्हा येणारच.

तरुणाने चूक मोकळेपणाने मान्य केली आणि कलमांचे आकडे मोबाईलमध्ये टिपून घेतले. संस्थेने ती कलमे माहितीपत्रकाच्या मागील बाजूस छापावीत; तेथे सध्या हापूसच्या पेट्यांचे दर आहेत.